उभयतांच्या विचाराने

मुलुंड (पूर्व), मुंबई
९ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप अक्कास,

मधुकरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

येथे सर्वांच्या प्रकृती बऱ्या आहेत. थोरली चि. माणिक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून धाकटी चि. अनुपमा पाचवीत गेली. भंगाराच्या वखारीतल्या नोकरीच्या सोयीसाठी मी दिवाळीपासून घाटकोपरला आपल्या गावकऱ्यांच्या खोलीत राहतो, हे तुझ्या कानावर आलेच असेल.

पत्रास कारण की, मुलुंडची जागा आता काढून टाकावी असे ठरत आहे. गिरणीचे काम गेल्याला चार वर्षे झाली आणि ती पुन्हा सुरू होईल ही आशा राहिलेली नाही. आम्हा उभयतांच्या विचाराने असे ठरले आहे की, जागा विकून येणाऱ्या रकमेत प्रत्येकाने आपापली सोय पाहावी. मुलींची व्यवस्थाही त्यातूनच होईल. सोसायटीच्या भागपत्रावर माझ्या जोडीला तुझे नाव आहे. जागा घेताना निम्मे पैसे तू तुझ्या फंडातून दिलेस, हे मी विसरलेलो नाही. तुझ्या सहीशिवाय व्यवहार होत नाही. सोबत संमतिपत्र जोडले आहे. फुली केली आहे तेथे सही करून ते माझ्या नावे, पण मुलुंडच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवावे. खोलीत चौदा माणसे राहतात आणि टपाल हाती पडेलच याचा भरवसा नाही.

तुझी छाया आहे तशीच राहो.

तुझा,
मधुकर

(पत्र लिहिणार चि. माणिक. आत्याला तिचाही नमस्कार.)

*

कुडाळ
१७ फेब्रुवारी १९८६

चि. माणिक हिस,

अनेक आशीर्वाद.

मधूच्या नावाचे पत्र पोचले. पाकिटावर तुझे अक्षर दिसले की आत काय आहे ते वाचण्याआधीच माझी निम्मी काळजी उतरते. त्याने स्वतःच्या कोंबडीच्या पायांनी लिहिले असते, तर मी चार दिवस विचार केला असता आणि दोन माणसांना विचारले असते. पण तू लिहिलेस, म्हणजे घरात चौघे बसून बोलले असणार असे मी समजले. ‘उभयतांच्या विचाराने’ इथपर्यंत आले आणि चष्मा काढून जरा स्वस्थ बसले. दीड वर्ष ज्यांनी एकमेकांशी शब्द काढला नाही, ती दोन माणसे समोरासमोर बसली, हेच मला पुष्कळ झाले. जागा राहो न राहो.

सही केली. शेजारच्या शेवंतीने साक्षीदार म्हणून सही केली आणि वर विचारलेनही, की मास्तरीणबाई, मुंबईचे घर विकून आता काय दात सोन्याचे करणार का. कागद निराळ्या पाकिटात मधूच्या नावे पाठवला आहे. पोचल्याचे कळव.

एक मात्र तू लिहिले नाहीस. तुम्ही तिघी राहायला कुठे जाणार? नलिनीची कारखान्याची पाळी सकाळची असली तर पाच वाजता घर सोडावे लागते, म्हणून जवळपासच पाहिले असेल. मोठाले शब्द लिहिणाऱ्या मुलीला हे साधे लिहायला सुचू नये ना.

अनुपमेला पापा. तुझ्या परीक्षेला यश येवो, अशी तुझ्या म्हाताऱ्या आत्याची इच्छा आहेच.

रत्नप्रभा

*

मुलुंड (पूर्व)
२३ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप आत्यास,

माणिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे पत्र आणि रजिस्टर पाकीट दोन्ही शुक्रवारी आले. पाकीट मी सही करून घेतले आणि शब्दकोशात ठेवले. ते फोडलेले नाही. बाबांनाही अजून कळवलेले नाही. आता जे लिहिणार आहे ते लिहिण्यासाठी तीन कागद वाया घालवले. हा चौथा आहे.

आत्या, घरात कुणीही बसून बोललेले नाही. त्या रविवारी आईला जादा पाळी होती. बाबा अकरा वाजता आले, स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि अक्काला एक पत्र लिहायचे आहे म्हणाले. त्यांनी सांगितले ते एवढेच, की गिरणी गेली, जागा विकायची, सही पाठव. ते तसेच लिहिले असते तर फार उघडेबोडके दिसले असते. म्हणून मी त्याला आरंभ दिला, कारण दिले, ओळी जोडल्या. ‘आम्हा उभयतांच्या विचाराने’ हे शब्द बाबांचे नाहीत, माझे आहेत. कौटुंबिक पत्रात असा निर्णय अशाच शब्दांनी सांगतात, म्हणून ते हातून उतरले. उतरल्यावर चांगले दिसले. मी पत्र बाबांना वाचून दाखवले आणि त्यांनी पेन घेऊन सही केली.

दीड वर्ष मी हेच करत आले आहे. रॉकेल संपले, हे आईने मला सांगायचे आणि मी बाबांना. आज जेवायला नाही, हे बाबांनी मला सांगायचे आणि मी आईला. दोघांचेही निरोप मी जरा मऊ करून देत असे. त्यांच्या भांडणाला एकच कारण कधी नव्हते. बाबा गिरणीची वाट पाहत घरी बसले होते आणि आई पाळ्या करून थकत होती, एवढे खरे. दिवाळीत ते गेले तेव्हा कुणीही रडले नाही. अनुपमाने फक्त त्यांचा टॉवेल दोरीवर तसाच ठेवला आहे.

आम्ही कुठे जाणार, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. गेल्या वर्षी आईच घर सोडणार होती. तिने भांडुप, विक्रोळी आणि कांजूरमार्ग येथे तीन खोल्या पाहिल्या. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता. मिस्टर कुठे असतात, असा होता. तिने खरे सांगितले आणि तिन्ही खोल्या त्याच संध्याकाळी दुसऱ्यांना दिल्या गेल्या. हल्ली मी वर्तमानपत्रातल्या लहान जाहिराती उतरवून घेते. विक्रीचे पैसे वाटून आईच्या वाट्याला जे येईल, त्यात तिघींना डोक्यावर हक्काचे छप्पर मिळेल अशी एकही जाहिरात अजून सापडलेली नाही.

आईला यातले काही माहीत नाही. तू माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून सही केलीस. मला बोलता येत नाही, हे तू जाणतेस. उभी राहिले की शब्द जिभेखाली जातात. म्हणून तुलाच विचारते, मी काय करू?

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझी,
माणिक

*

कुडाळ
२ मार्च १९८६

चि. माणिक हिस,

आशीर्वाद.

रागावले होते. दोन दिवस रागावले आणि तिसऱ्या दिवशी दमले, म्हणून आज लिहिते आहे.

चाळीस वर्षे मी मुलांना पत्रलेखन शिकवले. मायना असा, मजकूर असा, शेवट असा. शब्द कुणाचा आहे हे आधी पाहा, असे एकदाही शिकवले नाही. तेव्हा सगळा दोष तुझ्या माथी मारून मला झोप लागणार नाही.

मी सोसायटीला एक कार्ड टाकले तर माझी संमती मागे घेता येते. चौकशी केली आहे. पण ते मी आज करणार नाही. तसे केले तर मधूला वाटेल, बायको, मुली आणि बहीण सगळ्यांनी मिळून त्याच्या तोंडावर दार लावले. मधूच्या खोलीत राहणारा गुणाजी संक्रांतीला गावी आला होता. त्याने सांगितले, की खोलीत मधूच्या वाट्याला भिंतीकडची दीड हात जागा आहे. पाळीवाले उठून गेले की त्यांच्या जागेवर तो दुपारी जरा पाय लांब करतो. पन्नाशी उलटली त्याची. नलिनीला आणि तुम्हा मुलींना रस्त्यावर काढून त्याला खोली मिळणार असेल, तर ती मला नको. आणि त्याला त्या भिंतीला लावून तुमचे घर राहणार असेल, तर माझे नाव असलेले असले घरही मला नको.

पाकीट फोडू नकोस आणि जाळू नकोस. आधी आईला सांग. तिच्यासमोर उभे राहून जीभ हलली नाही, तर माझी दोन्ही पत्रे तिच्या हातात दे. मग मधूला पत्र लिही, पण तुझ्या नावाने. त्याच्या नावाने नको, आईच्या नावाने नको. मऊ करू नकोस. आमच्या घरातल्या माणसांना मऊ बोललेले कळत नाही गो, हे मी भावंडांत थोरली म्हणून सांगते.

त्यानंतरही काही जमले नाही, तर कार्ड माझ्या टेबलावर लिहून ठेवलेले आहे.

आमसुले पाठवते आहे. परीक्षेच्या दिवसांत उपाशी राहू नकोस.

तुझी आत्या

*

मुलुंड (पूर्व)
९ मार्च १९८६

तीर्थस्वरूप बाबांस,

माणिकचा नमस्कार.

हे पत्र मी कुणाच्याही सांगण्यावरून लिहिलेले नाही. यातले शब्द माझे आहेत. त्यात काही चुकले असेल तर ते मलाच विचारावे.

आत्याने सही करून पाठवलेले पाकीट सोळा दिवसांपूर्वी आले. मी ते तुम्हाला कळवले नाही. तुम्ही लिहायला सांगितलेल्या पत्रात आईचा विचार घेतला असल्याचे मी माझ्या मनाने घातले होते आणि आत्याने त्यावर विसंबून सही केली. गुरुवारी मी आईला सगळे सांगितले.

ती ओरडली नाही. पॅकिंग खात्यातून आली होती, हातांना औषधाची पूड होती. तिने पुष्कळ वेळ हात धुतले. मग तिने एकच विचारले, की ते झोपतात त्या खोलीला खिडकी आहे का. मला सांगता आले नाही. चार महिन्यांत मी तिथे कधी आले नाही, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्याच्या पतपेढीतून कर्जाचा अर्ज आणला. तिचे म्हणणे मी जसेच्या तसे लिहिते. भांडुपला तिच्याबरोबरच्या सुंदराबाईंच्या दिरांची एक खोली रिकामी होते आहे. तिची अनामत आई कर्ज काढून भरेल. भाडे तुम्ही द्यावे. मुलुंडच्या घराचा खर्च आणि माझे शिक्षण ती पाहील. अनुपमाची शाळा तुम्ही पाहावी. जागा अनुपमा मोठी होईपर्यंत विकायची नाही. तुम्ही परत यावे असे ती म्हणत नाही. ते तिने मला दोनदा सांगितले, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. रविवारी मुलींना भेटायला यावे, जेवावे, त्याला तिची हरकत नाही.

भांडुपच्या पत्त्यावर वेगळे रेशनकार्ड काढायला येथल्या कार्डातून तुमचे नाव कमी करावे लागेल. तो फॉर्म मी आणून ठेवला आहे. भरलेला नाही. आजवर या घरातला प्रत्येक फॉर्म मी भरला, हा भरवत नाही.

आता पाकिटाविषयी. ते तुमच्या नावाचे आहे आणि अडवून ठेवण्याचा मला अधिकार नाही. येत्या शनिवारी कॉलेजातून सरळ वखारीत येऊन मी ते तुमच्या हातात देईन. त्यानंतर तुम्ही सोसायटीत गेलात, तर मी काही करू शकणार नाही. मात्र यापुढे तुमच्या नावाने एकही पत्र लिहिणार नाही. आईच्या नावानेही नाही.

दोरीवरचा टॉवेल अनुपमा काढू देत नाही. तो घेऊन यायचा की नाही, ते कळवावे.

मी मुलगी आहे, ती तुम्ही कुठेही राहिलात तरी आहेच.

माणिक

*

घाटकोपर
१९ मार्च १९८६

अक्का, नमस्कार.

हे मी लिहितोय. लागत नसेल तर शेवंतीकडे जाऊ नको, दोनदा वाच, लागेल.

शनिवारी माणिक वखारीत आली. मी वजनकाट्यावर बसलो होतो. हात गंजाने भरलेले, म्हणून तिने पाकीट काट्यावरच ठेवलं. लोखंडाचा काटा तो, हलतो काय. मी बस म्हटलं तर म्हणाली, परीक्षा आहे. मग म्हणाली, खोली दाखवा. वर नेली. तिने आधी भिंत पाहिली, मग खिडकी. खिडकी आहे, पण ती गुणाजीच्या बाजूला आहे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. उभयतांच्या विचाराने, हे मी सांगितलं नव्हतं. पण तिने पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते माझ्या कानावर पडलं होतं. मला वाटलं, बरं झालं, ह्यावर अक्का सही करेल. गप्प बसलो आणि सही ठोकली. तेव्हा पोरीला काय बोलली असशील तर ते माझ्या नावावर घे.

तुझा कागद न फोडता ह्याच्यासोबत परत पाठवतोय. सांभाळून ठेव नाहीतर चुलीत घाल.

भांडुपची खोली पाहिली. दहा बाय दहा आहे, मोरी आत आहे. घरवाल्याने विचारलं, मिसेस कुठे असतात. मी म्हटलं मुलुंडला, मुलींच्या शिक्षणासाठी. त्याला ते पटलं. पुरुषाला लगेच पटवून घेतात. नलिनीला तीनदा नाही म्हटलेलं, ते मला तेव्हा आठवलं. एक तारखेला जाईन. अनामत तिची घेतोय, लाज वाटते, पण घेतोय. हळूहळू फेडेन. अनुच्या शाळेचे या महिन्याचे दिले.

रेशनकार्डातून माझं नाव काढायचा फॉर्म माझा मीच भरला. दोन फॉर्म फुकट गेले. नाव कमी करण्याचं कारण असं एक घर आहे त्यात. तिथे काय लिहायचं ते बराच वेळ सुचेना. शेवटी ‘जागा बदलली’ लिहिलं. क्लार्कने शिक्का मारला.

टॉवेल तिथेच राहू दे म्हटलं. रविवारी जेवायला जाणार आहे, हात पुसायला लागेल.

पत्र लिहून झालं तेव्हा माणिक कॉलेजातून इथे आली होती, तिला म्हटलं, वाचून बघ, काय चुकलंय का. तिने वाचलं नाही. पाकीट तेवढं घेतलं आणि पत्ता लिहून दिला, पोस्टमनला माझं अक्षर लागणार नाही म्हणून. तेव्हा बाहेरचं अक्षर बघून फसू नको. पत्ता तिचा आहे, आतलं सगळं माझं.

थोरली आहेस, तशीच राहा.

मधू