बर्फात दाबलेलं रक्त

४ फेब्रु. २००६, समुद्रपूर
माझ्या पिंकीच्या मानेतल्या गाठी टीबीच्याच. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, दूध कच्चं पिते का? मी सासूबाईंकडे पाहिलं. रोज पहाटे पेला घेऊन पोरीला गोठ्यात कोण नेतं? धारोष्ण दुधाने अंग धरतं म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली.

१० फेब्रु.
आमच्या गायीच्या, चांदीच्या मानेत टीबी तपासायची सुई टोचून पाहिली. सूज आली, पण धड हो नाही, धड नाही नाही. गुरांचे डॉक्टर म्हणाले, रक्त नागपूरच्या लॅबला पाठवू. सासूबाई: "माह्या माहेरची गाय हाय. तिले काऊन बट्टा लावून राह्यली तू?"  आमच्या ह्यांचं तोंड फक्त जेवायला उघडतं.

१३ फेब्रु.
रक्त एस.टी.ने गेलं. तोवर पिंकीचं दूध उकळायचं, एवढं कबूल करून घेतलं. तेही भांडून.

२१ फेब्रु.
रिपोर्ट निगेटिव्ह. सासूबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. माझ्या हातावर जरा जास्तच.

२२ फेब्रु.
गुरांच्या दवाखान्यात गेले. कंपाउंडर खुशीत, "मॅडम, एकदम बराबर पाठवलं ना. लसीवानी बर्फात दाबून." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. या तपासणीला रक्तातल्या पेशी जिवंत लागतात. गारठून मेल्या की गायीला रोग असो-नसो, उत्तर निगेटिव्हच. आणि लॅबवाले? बर्फाचा डबा उघडताना डोळे मिटले होते? परत पाठवायचं सोडून निगेटिव्ह लिहून मोकळे! मेलेल्या रक्ताला विचारलं, त्याने नाही म्हटलं.
घरी सांगितलं तर सासूबाई, "तुह्या मनासारखा रिपोट येईलोक तिचं रक्तच काढशीन काय?"


२७ फेब्रु.
शाळेत रजा टाकली. डॉक्टरांकडून चांदीचं रक्त पुन्हा काढून घेतलं. नळ्या रुमालात गुंडाळून मांडीवर, नागपूरपर्यंत. लॅबमधला बाबू, मान वर न करता, "ठेवा तिकडे." ठेवल्या नाहीत. हातात दिल्या आणि बर्फाचं सगळं ऐकवून आले. चार लोक बघत होते. बघू देत.

३ मार्च
रिपोर्ट नाही.
पहाटे सासूबाई गोठ्यातून भरला पेला घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या-उभ्या प्यायल्या. "पाह्य. मले काई झालं तं माही गाय खराब." काय हा हट्ट!  पेला हिसकावला तेव्हा तो रिकामा होता.
पिंकी दारात उभी होती. म्हणाली, "आजी, आता तुलेबी माह्यावानी गोळ्या घ्या लागतीन?"
सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. 
पेला मी दोनदा घासला.