ठिगळ कुणाचं

१९ फेब्रुवारी
सासूबाईंनी आज पेटाऱ्यातून ती वाकळ काढली आणि बर्फावर ऊन दाखवायला अंथरली. म्हणजे माझे दिवस भरत आले! या घरातली प्रत्येक बाई हिच्यावरच बाळंत होते. ठिगळावर ठिगळ, मूळचं तागाचं कापड दिसतसुद्धा नाही.

ह्यांची पहिली बायको, किसे, बाळंतपणात याच वाकळीवर गेली. बाळही गेलं. मला घरात कुणी सांगितलं नाही, विहिरीवर कानावर आलं. मी नाही निजायची त्या वाकळीवर. पण सांगू कुणाला? हे तिकडे उत्तरेला, होक्काइदो बेटावर मासेमारीला गेलेत.

२० फेब्रुवारी
भीती वाटते. दुसरं काही सुचतच नाही.

२३ फेब्रुवारी
शेजारच्या तामेकाकूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, एवढी ठिगळं कुणाची? म्हणाल्या, या घरच्या बाळंतिणींची, प्रत्येकीच्या अंगावरच्या कपड्यातलं एक. आणि किसे लग्नात काय नेसली होती, तेही विचारलं. निळ्या रेघांचा सुती किमोनो!

वाकळीच्या मधोमध निळ्या रेघांचं ठिगळ आहे. नेमकं माझ्या कमरेखाली येणार.

२६ फेब्रुवारी
सासूबाई सरपणाला गेल्या तेवढ्यात ते ठिगळ उसवलं. टाके बारीक, चिवट. चुलीत टाकलं — भसकन पेटलं. वाकळीला भोक राहिलं.

२७ फेब्रुवारी
सासूबाईंनी पाहिलं. भोकावरून हात फिरवला, वाकळ घडी करून ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेलेल्या बाईला मी उगाच डिवचलं. आता ती मला सोडायची नाही.

४ मार्च
कळा.

९ मार्च
मुलगी झाली. ताप उतरत नाही, पडूनच लिहिते आहे.

त्या दिवशी वाशाला बांधलेला दोर धरून ओरडत होते, त्यातच सगळं बोलून गेले — किसे मला न्यायला आली आहे, तिचं ठिगळ मी जाळलंय! सासूबाईंनी पाठ घट्ट धरली.

"किसे या वाकळीत नाहीच, पोरी. जी बाळंतपणातून उठते तीच ठिगळ लावते. तू जाळलंस ते माझं होतं. तुझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वेळचं. उरलेला किमोनो मी किसेला लग्नात दिला."

म्हणजे ही सगळी उठलेल्या बायांची ठिगळं. आणि त्यातलं एक मी कमी केलं! मी उठेन ना?

१७ मार्च
आज उठले. सासूबाईंनी सुई ओवून दिली. भोकावर माझं ठिगळ बसवलं. मग त्यांनी पेटाऱ्याच्या तळातून निळ्या रेघांचा एक तुकडा काढला. कडा नीट दुमडून, टाचून तयार. "हेही लाव," म्हणाल्या.

किसेनं बाळंतपणाआधीच कापून ठेवला होता.