अहो आईंचा ओटा

तीर्थरूप आई,

वाकून नमस्कार. (कंबर ठीक आहे, त्यामुळे या वेळी खरोखरच वाकून.)

"दगड कोरडा असतो तोवर खोटं बोलतो," असं तुम्ही मला एकदा म्हणाला होतात. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. आपण दोघी दाराच्या पायरीसाठी दगड बघायला गेलो होतो आणि तुम्ही रुमाल ओला करून एकेका दगडाचं तोंड पुसत होतात, शेंबड्या पोराचं पुसावं तसं. मी नुसती मान डोलावली. वाक्य दगडाबद्दल आहे की माझ्याबद्दल, हे तेव्हा कळलं नाही (तुम्ही बघत माझ्याकडे होतात).

तुमचे गुडघे कसे आहेत? ताई म्हणतात, औषधं वेळेवर घेता. पण ताई तुमच्याच लेक, त्या तुमच्याच बाजूनं साक्ष देणार. फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि मी पुढचं वाक्य जुळवेपर्यंत फोन ताईंच्या हातात गेलेला असतो. म्हणून हे पत्र. हातात घेतलेला कागद तुम्ही शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही, मग तो साबणाच्या पुडक्यावरचा का असेना, हे मला माहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. स्वयंपाकघर फोडायचं ठरलं तेव्हा धुळीचं निमित्त सांगून तुम्ही ताईंकडे गेलात. पिशवीत तुमचं लाटणं होतं. धुळीला भिणारं माणूस औषधं नेतं, लाटणं नेत नाही. तुम्ही परत न येण्यासाठी गेला आहात, हे तुमचे चिरंजीव सोडून घरात सगळ्यांना कळलं आहे. (चिरंजीव म्हणाले, "तिला लाटण्याची सवय आहे." असो.)

तर दगड! आई, तुम्ही हव्या होतात. एवढं मोठं दुकान, भिंतीला टेकून उभे केलेले दगडच दगड, एकेक माझ्यापेक्षा उंच. मला तर लग्नघरात शिरल्यासारखं झालं. चिरंजीवांनी आत शिरल्या शिरल्या "पांढरा घेऊ, उजेड वाटेल" असं म्हणून टाकलं आणि विषय संपल्यासारखे खिशात हात घालून उभे राहिले. मी पर्स उघडली. दुकानदार बिचारा पैसे काढतेय समजून पुढे आला, तर मी काढली पाण्याची बाटली, त्यामागून लिंबू, त्यामागून चाकू. चाकू बघून तो दोन पावलं मागे गेला. मी म्हटलं, घाबरू नका, परीक्षा दगडाची आहे. पांढऱ्या संगमरवराच्या तुकड्यावर लिंबू पिळलं, चिरंजीवांना दुकानाचा फुकटचा चहा घ्यायला लावला आणि त्यातला अर्धा दुसऱ्या तुकड्यावर ओतला. संगमरवराला लिंबाचा असा डाग पडला की दुकानदाराचाच चेहरा आंबट झाला. मग मी बाटली घेऊन रांगेनं सगळ्या ग्रॅनाइटांची तोंडं धुवायला लागले. एक काळा दगड ओला झाला आणि आतून हिरवे निळे ठिपके असे काही वर आले की मी भर दुकानात "अगंबाई" म्हटलं. तोच घेतला. (आता खरं सांगते. बसवल्यावर तो वाळला, आणि वाळला की तव्याच्या बुडासारखा दिसतो. तुमचं वाक्य खरं आहे, पण अर्धंच आहे, आई. ओटा दिवसाचा बराच वेळ कोरडाच असतो. हल्ली मी येता-जाता त्याच्यावरून ओलं फडकं फिरवते आणि खूश होते.)

फरशीची निवड मात्र तुमच्या चिरंजीवांनी केली, पाठीवर पडून. मी ओतलेलं पाणी वाहत वाहत गुळगुळीत फरशांच्या विभागात गेलं होतं आणि हे त्यावरून चालत आले. चालत म्हणजे सुरुवातीला. पुढे ते घसरत घसरत थेट वॉशबेसिनांपर्यंत गेले आणि दोन बेसिनांच्या मधे, अगदी विक्रीला ठेवल्यासारखे, बसले. दुकानदार म्हणाला, "साहेब, ही फरशी चालेल का?" मी म्हटलं, फरशी चालेल हो, माणूस चालायला नको का? तिथंच ठरलं. खरखरीत, मातकट, पायाला धरून ठेवणारी फरशी घेतली. तुम्हाला फोटो पाठवला तर ताईंच्या फोनवरून उत्तर आलं : "चालेल." आपल्या घरात "चालेल" म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. हिरव्या पडद्यांनाही तुम्ही "चालेल"च म्हणाला होतात; ते अजून घडी घालून कपाटात आहेत. तरीही मी फरशी बसवली. रागावू नका. ती घेताना माझ्या डोळ्यांपुढे तुमचे गुडघे होते.

आता खरी गंमत. मिस्त्रींनी विचारलं, ओटा किती उंचीचा? चिरंजीवांनी ऑफिसातून फोनवर सांगितलं, "आईच्या मापाचा करा," म्हणजे तुमच्या. जुन्या ओट्याची रेघ भिंतीवर होतीच. दुपारी आमची कन्या शाळेतून आली. मिस्त्रींनी खात्री करावी म्हणून तिलाही विचारलं. ती म्हणाली, "आईच्याच मापाचा!" म्हणजे माझ्या. वर स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली आणि आईचं कोपर आपल्या खांद्याशी कसं येतं ते दाखवून दुसरी रेघ मारून दिली. संध्याकाळी मी घरी येते तो काय, ओट्याला मधोमध पायरी! सिंकाकडचा अर्धा उंच, खिडकीकडचा अर्धा बुटका. एखाद्या म्हशीशेजारी रेडकू उभं करावं तसा.

मी ओरडले. हे आले ते ओरडले. कन्या म्हणाली, "मी आईच म्हटलं होतं!" हे म्हणाले, "अगं, मीही आईच म्हटलं होतं!" मिस्त्री थापी धुता धुता शांतपणे म्हणाले, "वहिनी, दोघांनी दोन आया सांगितल्या. मी कुठल्या आईला नाही म्हणू?"

मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. उंच बाजूला. आणि आई, मला वाकावंच लागलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझी कंबरच तशी आहे, दुखरी. ती ओट्यामुळे दुखत होती. तुम्ही तुमच्या मापाच्या ओट्याशी उभ्या, मी तुमच्या मापाच्या ओट्याशी वाकलेली, आणि दोघींच्या कधी हे ध्यानातही आलं नाही. तुम्हाला मी नेहमी कुरकुरणारी वाटत असेन. मला तुम्ही घाई करणाऱ्या वाटायचात. चार बोटांच्या उंचीचा प्रश्न होता, आणि आपण स्वभावाला दोष देत बसलो.

मिस्त्री म्हणाले, खालचा भाग मोडून सरळ करून देतो. मी नाही म्हटलं. मग घोळ नको म्हणून त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या. उंच बाजूला लिहिलं "आई". बुटक्या बाजूशी थबकले आणि विचारलं, "त्यांना तुम्ही काय म्हणता?" म्हटलं, अहो आई. त्यांनी तसंच लिहून टाकलं : "अहो आई". मग मागे सरून स्वतःचं अक्षर बघत म्हणाले, "साहेब त्यांना 'अगं आई' म्हणतात, पोरगी तुम्हाला 'अगं आई' म्हणते. 'अहो'वाल्या तुम्ही एकट्याच की."

ते गेले. त्या खुणा मी अजून पुसलेल्या नाहीत.

खिडकीकडची बाजू रिकामी आहे. चिरंजीव तिच्यावर किल्ल्या ठेवतात, मी उचलते, ते पुन्हा ठेवतात. जागा रिकामी राहिली की तिचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

ताईंना नमस्कार आणि त्यांच्या मुलांना आशीर्वाद. तुमची प्रकृती जपा.

तुमची,
सून

ता. क. खरखरीत फरशीत कचरा अडकतो. झाडायला दुप्पट वेळ लागतो. वर मी तिचं जे कौतुक केलं आहे ते निम्मं करून वाचावं.

ता. क. खालच्या ओट्याला अजून दगड बसवलेला नाही. उरलेला काळा पुरला असता, पण मी मुद्दामच मिस्त्रींना तो नको म्हणून सांगितलं. ती निवड माझी नाही. दुकानदार तुम्हाला ओळखत नाही, तरी तुमच्या सुनेला चांगलाच ओळखतो. बाटली आपली आपण नेली तर काही बोलणार नाही. धूळ संपली आहे, आई. घरी या.

ता. क. आणखी एक, मग खरंच थांबते. हे फोनवर विचारायला धीर झाला नसता. मी तुम्हाला "अगं आई" म्हणू का? "तुम्ही" सोडून "तू"? तुम्ही "नाही" म्हणाल, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं म्हणाल, शेजारपाजारचे काय म्हणतील म्हणाल, हे सगळं मी धरून चालले आहे. म्हणा. फक्त ताईंच्या फोनवरून म्हणू नका. इथं येऊन, माझ्या तोंडावर नाही म्हणा.