दोष गाडीचाच

१२ फेब्रुवारी

प्रिय बारकी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं आणि माझा चहा समोरच निवून गेला. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला? माझ्या? गाडी चौदा वर्षांची आहे आणि माझ्याआधी ती दुसऱ्या कुणाकडे होती, यातलं मी काहीच लपवलेलं नाही. पण माझ्याकडे आल्यापासून गिअरबॉक्सचं तेल आणि त्याची जाळी वेळच्या वेळी बदललेली आहे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत माझा जन्म गेला. बाटली उजेडाला धरली की आत काय आहे ते मला कळतं, आणि ते तेलही मी तसंच बघायचे. डोळ्यांनी दगा दिला नसता तर त्या गाडीला मी कुणाला हात लावू दिला नसता. मेहुण्यांचा डावा पाय त्या झटक्यानंतर लुळा पडला, क्लच दाबणं जमेना, आणि माझी गाडी बिनक्लचची, म्हणून ती तुमच्या दारात आली.

जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस अशा गाडीला पाळणा म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण पाळण्यालाही रीत असते. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची जुनी खोड अजून चालू आहे का? मागे जाणारी गाडी पुरती थांबायच्या आत पुढचा गिअर टाकतात का? विचार आणि कळव.

आणि तू स्वतः तेल बघ. गाडी सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू, दांडी पार्कमध्ये. तेल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर टीप. तेल लाल आणि बिनवासाचं निघालं तर माझ्या गाडीला नावं ठेवायची नाहीत. काळं आणि करपट निघालं तर मी माझे शब्द मागे घेईन. तशी वेळ येणार नाही.

मेहुण्यांना नमस्कार. रागावले आहे, पण माया पातळ झालेली नाही. तुझीही होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा राग वाचून पुष्कळ दिवसांनी हसले. तेल बघितलं. काळपट वाटलं. जुनी गाडी, चालायचंच, तू मनाला लावून घेऊ नकोस.

दांडी टाकून रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही, असं हे म्हणतात. परवा हे बाजारातून चालतच घरी आले, गाडी तिथेच. संध्याकाळी शेजाऱ्यांनी आणून लावली. त्यांचं फाटक मागच्या आठवड्यात जरा वाकलं होतं, ते आम्ही सरळ करून दिलं. चांगले आहेत, काही बोलले नाहीत.

तू कुणा मिस्त्रीला पाठवू नकोस. गाडी आता उभीच राहू दे. आणि ह्यांना लिहिशील तेव्हा गाडीचा विषय नको. ह्यांना हल्ली लवकर त्रास होतो.

डोळ्यांत औषध घालतेस ना? आहे तो लोभ वाढता ठेव.

तुझी,
बारकी

६ मार्च

प्रिय बारकी,
आशीर्वाद.

नको म्हणालीस म्हणून मिस्त्रीला मुद्दाम पाठवला. तुला वाटलं असेल तो वाट चुकून आला. तू किल्ली दिलीस तेव्हा तोंड एवढंसं केलं होतंस, हेही त्यानं सांगितलं. मेहुणे आत झोपले होते म्हणे. त्यानं गाडी चढावर नेली, उतारावर नेली, मागे घेतली. गिअर लोण्यासारखे पडतात आणि तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल आहे. आणि तू मला काळपट लिहितेस!

शिवाय बाजारात बंद पडलेली गाडी शेजारी चालवत घेऊन आले, मग ती बंद पडली होती कुठे? माझी नजर अधू झाली आहे, अक्कल नाही. तुला लहानपणीही खोटं जमलं नाही. साखर खायचीस आणि ओठ पुसायला विसरायचीस.

गाडी नको असेल तर सरळ परत कर. पण माझ्या पाठीमागे तिची बदनामी मी ऐकून घेणार नाही. काय चाललं आहे तुझ्या घरात? उलट टपाली लिही, आणि या खेपेला खरं लिही.

धाकटी आहेस म्हणून अजून माझी लाडकी आहेस, एवढं लक्षात ठेव.

ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच तेल मी पांढऱ्या फडक्यावर बघितलं होतं. लाल होतं. मी फडकं धुऊन टाकलं.

गाडीला काही झालेलं नाही. हे दांडी न्यूट्रलमध्येच ठेवतात आणि रेस देत राहतात. त्या फाटकाच्या वेळी मागे जायचं म्हणून मान वळवून बसले आणि दांडी टाकली पुढे जायची. बाजारात गाडी बंद पडली नव्हती. आपण गाडी घेऊन आलो होतो हेच विसरले. मोठ्या झटक्यानंतर डोक्यात बारीक बारीक झटके येत राहिले आहेत, असं डॉक्टर म्हणतात. गेलं ते परत यायचं नाही आणि अजून जाईल. गाडी आजपासून बंद, म्हणाले. ते ह्यांना मी सांगायचं.

ताई, अर्धं गाव ह्यांच्या हाताखाली शिकलं. लोक अजून रस्त्यात गाडी हळू करून ह्यांना नमस्कार करतात. त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू?

परवा जेवताना घास हातातच धरून त्यांनी विचारलं, “खरं सांग, बिघाड गाडीत आहे की माझ्यात?”

मी म्हटलं, “गाडीत.”

मग त्यांनी तो घास खाल्ला. त्या घासासाठी तुझ्या गाडीची बदनामी केली. तुझी सख्खी बहीण आहे, तू मला काहीही बोल. फक्त हे खोटं उघडं पाडू नकोस. माझ्यावर त्यांचा पुरता विश्वास बसलेला नाही, चेहऱ्याकडे बघत राहतात.

तुझी माया मला आता लागणार आहे.

बारकी

१६ मार्च

श्री. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मान खाली घालून लिहिते आहे. मध्यंतरी माझा मिस्त्री तुमची गाडी बघून गेला, तेव्हा तुम्ही झोपला होतात. त्याचं म्हणणं असं, की गिअरबॉक्स आतून पार झिजला आहे. दांडी अगदी योग्य जागी असली तरी गिअर धरत नाही, इंजिन नुसतं ओरडतं. कधी पुढे जायचं तिथे मागे, मागे जायचं तिथे पुढे, असंही होतं. अशा वेळी चालवणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. त्याचं काही चुकलेलं नसतं.

दोष माझा. शेवटची काही वर्षं मी तेल बदललंच नाही. आज बदलू, उद्या बदलू, असं करत राहिले, आणि गाडी देताना तुम्हाला बोललेही नाही. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी खरं बोलायचे धडे दिले होते, ते ऐन वेळी विसरले. रस्त्यात कुणाला धक्का लागला असता तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. कृपा करून ती गाडी बाहेर काढू नका.

अशी कबुली मी उभ्या आयुष्यात कुणाला दिलेली नाही. माझ्याबद्दलचा लोभ यानं उणा होऊ नये.

आपली,
ताई

२५ मार्च

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र वाचून जीव भांड्यात पडला. गेले काही महिने मला माझीच भीती वाटत होती. आपली बहीण म्हणत होती की बिघाड गाडीत आहे, पण ती माझी समजूत घालत असेल असा मला संशय होता. तुम्ही कुणाची समजूत घालणाऱ्यांतल्या नाही. म्हणून खरे वाटले.

तुम्हाला गाडी शिकवताना आरशात बघा म्हटले, की तुम्ही माझ्याकडे वळून भांडायचात. त्या तुम्ही आज चूक कबूल करता, अक्कडसासूबाई, म्हणजे नवलच. तेल न बदलणे ही मात्र अक्षम्य गोष्ट आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

गिअरबॉक्स कधी दुरुस्त होणार ते कळवावे. दुरुस्त झाला की पहिली चक्कर तुमच्याकडे. बहिणीला मागे बसवून आणतो.

बाकी प्रकृती ठीक. आपला आशीर्वाद राहू द्यावा. गिअरबॉक्स कधी दुरुस्त होणार ते कळवावे.

आपला,
मेहुणा

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुटा भाग अजून यायचा आहे, हे तुझं या वेळचं पत्रही त्यांना पटलं. भेटेल त्याला सांगतात की अक्कडसासूनं कधी तेल बदललं नाही आणि चांगली गाडी खराब केली. ऐकताना मला तुझ्यासाठी वाईट वाटतं, पण मीही मान डोलावते.

गाडीपाशी जाणं काही थांबेना, म्हणून तुझ्या मिस्त्रीनं दांडीची तार गिअरबॉक्सपासून सोडवून ठेवली. आता दांडी कुठेही फिरवली तरी गाडी पार्कमध्येच राहते. तेल फिरतं राहावं म्हणून इंजिन मधूनमधून चालू करायचं, असं तू त्यांना लिहिलंस, ते रविवारी करतो.

गेल्या रविवारी मला म्हणाले, स्टिअरिंगवर तू बस. साऱ्या गावाला शिकवलं आणि बायकोला शिकवायचं राहून गेलं. स्वतः शेजारच्या सीटवर बसले, शाळेच्या गाडीत बसायचे तसे, पाय दुसऱ्या ब्रेकवर ठेवल्यासारखा. आवाजही तोच. आरसा लाव. दांडी न्यूट्रलला. आता क्लच दाब.

ताई, तिथे क्लच नाही. मी खाली बघितलं, मग त्यांच्याकडे. ते समोर रस्ता बघत होते. समोर आमची भिंत आहे. मी डावा पाय रिकाम्या जागेत दाबला. हळू सोड म्हणाले, हळू सोडला. खूश झाले. मध्येच एकदा मला म्हणाले, “घाबरू नका बाई, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं.” मी घाबरले नव्हते. ते मला ओळखत नव्हते.

उद्या परत रविवार. क्लच नाही म्हणून सांगावं का? मला काही सुचत नाही. तुझा हात पाठीवर असू दे.

बारकी

१४ मे

प्रिय बारकी,
आशीर्वाद.

काही सांगायचं नाही. गेल्या रविवारी बसलीच असशील, यापुढेही बसत जा. सुट्या भागाचं मी बघते, तो इतक्यात येणार नाही. गावभर माझं नाव खराब होतंय ते होऊ दे, मी तिथे ऐकायला नाही.

एकच सांगते. क्लच म्हणाले की पाय पुरता दाब, खाली टेकेपर्यंत. मी शिकत होते तेव्हा अर्धाच दाबायचे, आणि समोर बघत असले तरी त्यांना कळायचं.

तुझी,
ताई