हयातीत दिलेले नाव

मी, मधुकर सगुण शेट्ये, वय ७९, राहणार लाटंबार्से, तालुका डिचोली, पाळी गावच्या खाणीवरील निवृत्त स्टोअरकीपर. मला ऐकू कमी येते. समज शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः ठरवून पुढीलप्रमाणे लिहीत आहे.

१. सन २००१ मधील माझे मृत्युपत्र रद्द समजावे. कारण लिहिणे भाग आहे.

माझा एकुलता मुलगा गोकुळदास हॉलंडच्या फ्रीसलँड प्रांतात जहाजदुरुस्तीच्या कामावर होता. त्याची बायको सीत्स्के तिथलीच. मुलगा झाल्यावर त्याने नाव कळवले: शूर्त मधुकर. आमच्या घरात आजोबांचे नाव नातवाला देतात, पण आजोबा गेल्यावर. मी लिहिले, "मी अजून जिवंत आहे." गोव्याच्या कायद्याने निम्मी मालमत्ता मुलाचीच, माझ्या मर्जीची निम्मी मी त्याच महिन्यात मृत्युपत्र करून पुतण्या महादेवच्या नावे केली.

गोकुळदासचे उत्तर आले. तिकडे आजोबा हयात असतानाच त्यांचे नाव देतात, तो मान समजतात. शूर्त हे सीत्स्केच्या वडिलांचे नाव. जुन्या भाषेतले दोन शब्द त्यात आहेत, विजय आणि राखणदार. सीत्स्केमध्येही तोच विजय. शेवटचे 'के' लाडाचे. दोन्ही आजोबांना एकत्र ठेवले, असे त्याने लिहिले होते. मला ते पटले. तरी मी उत्तर पाठवले नाही.

माझी पत्नी प्रभावती माझे नाव घेत नसे. ती फोनवर मुलाला म्हणाली, "तेंचां नांव माझ्या तोंडात येवचां नाय रे. पयलां शिकय." मग ती दिवसभर "शूर्त, शूर्त" म्हणून बघायची. महादेव हसायचा, "काकी, कोंबयो हाकलतंस काय गो?"

"हाकलतंय, तरी तू जातंस खंय!"

मी तिथेच बसलेला असे. ती २०१२ साली गेली. गोकुळदास आला, बारा दिवस राहिला. आम्ही कामापुरते बोललो. गेल्या सप्टेंबरात तो तिकडेच वारला. मी गेलो नाही.

२. लाटंबार्से येथील राहते घर, विहीर व परसू संपूर्णपणे नातू शूर्त याला द्यावे. विकायचे असल्यास त्याने विकावे.

३. काजूची बाग महादेवला. कुंपण तोच घालतो, माझी औषधेही तोच आणतो. जुने मृत्युपत्र रद्द केल्याचे त्याला सांगितले. "काका, तुमचां तुमी बगा," एवढेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी औषधे घेऊन आला.

४. प्रभावतीच्या पाटल्या सीत्स्केला. त्या तिला आधीच मिळायला हव्या होत्या.

५. वाचणाऱ्याने नातवाचे नाव नीट वाचावे. रोमन लिपीत शेवटी डी आहे, बोलताना त होतो. अडल्यास महादेवला विचारावे. त्याला आता येते.

६. माझ्या हयातीत हे मृत्युपत्र नातवाला कळवू नये. मे महिन्यात तो मला भेटायला येणार आहे, असे सीत्स्केने लिहिले आहे. त्याने घरासाठी येऊ नये. तो आला नाही तरी वरील कशातही बदल नाही.

वाचून, समजून सही केली.

मधुकर सगुण शेट्ये

समक्ष साक्षीदार:
१. शिवदास विठू परब, लाटंबार्से
२. देवकी रामचंद्र गावस, लाटंबार्से

डिचोली, ११ फेब्रुवारी २०१९