डावीकडचा दांडा

महाड,
१९ मार्च १९९८

चि. सुधीर,

ताईचे आशीर्वाद, आणि पाठीत एक सणसणीत धपाटा. आई बरी आहे. ऊन तापायला लागलंय. लग्नसराईची बुकिंगं सुरू झाली आहेत आणि नवऱ्यामुलांना अजूनही फोटोत हसायची लाज वाटते.

तुझा ट्रायपॉड पोचला. समोरचा महिपत मुंबईच्या एस.टी.वर ड्रायव्हर आहे म्हणून बरं, नाहीतर ते धूड आणलं कुणी असतं? दारात टेकवलं आणि म्हणाला, "ताई, आत तोफ हाय काय?" मी गुंडाळलेला सगळा कागद उलटापालटा करून बघितला. एक ओळ नाही! पाच वर्षांत घरात पाऊल नाही. मी कार्ड टाकलं की एवढी मोठी वस्तू निवडून पाठवतोस, पण 'ताई, कशी आहेस' लिहायला तुझी शाई संपते. धन्य आहे बाबा तुझी.

पण वस्तू निवडलीस मात्र अशी की राग टिकेना. मी कार्डावर एवढंच लिहिलं होतं की अण्णांचा मोठा लाकडी कॅमेरा पेलेल आणि माझ्या डोक्याच्या वर जाईल असा बघ. गेल्या शिमग्याला जुन्या स्टँडनं दगा दिला होता. वाऱ्यानं कॅमेरा थरथरला आणि डोंगरावरच्या अख्ख्या कातळवाडीला दोन-दोन नाकं आली. भागोजी गावकार तो फोटो बघून म्हणाला, "आमी सगलेच पिऊन हुबं होतो काय?" हसले सगळे, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षातून एकदाच मुंबईची माणसं वर येतात. हुकलं की वर्षानं.

तुझ्या ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला आणि मी धक्का मारून बघितला. हलेल तर शपथ. पायांना खाली टोकदार खिळे, प्रत्येक पाय वेगळा लांब होणारा, आणि कॅमेरा बसतो ते वरचं हेड तर माझ्या पंज्याएवढं रुंद. तुझ्यासारखे दुकानात कॅमेरे विकणारे पुष्कळ असतात रे, पण कातळवाडीचा उतार डोक्यात ठेवून कोण निवडणार? तिथं पालखी सहाणेवर, त्या दगडी ओट्यावर बसली की तिच्यापेक्षा वर कुणी उभं राहायचं नाही. कॅमेरा खालच्या खाचरातच लावावा लागतो आणि भिंग मात्र माणसांच्या चेहऱ्यांना भिडलं पाहिजे. हे तू विसरला नाहीस.

आम्ही रविवारी वर गेलो. कसे गेलो ते मग सांगते.

शाळेच्या टेबलावर चढून, काळं कापड डोक्यावर घेऊन मी काचेत बघितलं आणि किती तरी वेळ बाहेरच आले नाही. एवढी वर्षं बघते तरी अंगावर काटा येतो. अख्खी वाडी उलटी, तिच्याखाली डोंगर उलटा, तळाशी आभाळ. बाया पदर सारखे करताहेत, पोरं पळताहेत, पालखीची झालर वाऱ्यानं उडतेय, आणि हे सगळं माझ्या तळहाताएवढ्या काचेवर रंगांसकट जिवंत. आणि या खेपेला काहीच थरथरत नव्हतं. देवाला रोज असंच दिसत असेल का रे?

तिथली रीत तुला आठवत असेल. जो मुंबईहून येऊ शकला नाही, त्याच्या नावानं रांगेत जागा सोडायची आणि तिथं त्याच्या घरची घोंगडी घडी करून ठेवायची. गेलेल्या माणसाची घोंगडी ठेवत नाहीत. म्हणजे रांग मिटली की माणूस मिटला.

रखमाबाईनं चांगूची घोंगडी मांडली. तिचा मुलगा. किती वर्षं झाली, ना पत्र ना निरोप. भागोजी खाली वाकून हळूच म्हणाला, "रखमा, यंदा सरकून घे गो. लोकांना बी बघवत नाय."

रखमाबाई तशीच उभी. आवाजही चढवला नाही तिनं. "कागद येत नाय म्हंजे मानूस मेला काय, भागोजी? तुज्या घरातला हाय काय तो, तू कोन मिटवनार?"

ढोल थांबलेला. मला वाटलं आता रांग सरकणार, कारण भागोजीचा शब्द वाडीत शेवटचा. तेवढ्यात माझ्या पाठीमागून कुणी तरी ओरडलं, "जागा राहू दे! मावतेय फोटोत!"

अण्णा ओरडले होते, सुधीर. आपले अण्णा. ज्यांनी तुला 'परत उंबरा चढू नकोस' म्हटलं, ते. कारण काय, तर तू रंगीत फोटोचं मशीन घेऊ म्हणालास आणि त्यांच्या कॅमेऱ्याला लाकडी खोकं म्हणालास. भागोजी मागे सरला. रखमाबाईनं अण्णांना तिथूनच हात जोडले.

आता टाळून चालणार नाही. अण्णा वर चालत गेले नव्हते. गणपतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, मोठं वाक्य बोलायचं म्हटलं की अडखळतात. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला आईची शपथ घातली होती. "कीव करून येणारा मुलगा मला नको," म्हणाले. म्हणून कार्डावर मी ट्रायपॉड माझ्यासाठी हवा असं लिहिलं. त्यांना एकदा तरी वाडीचा फोटो पुन्हा काढायचा होता, हे लिहिलं नाही.

वाडीची माणसं डोली घेऊन खाली रस्त्यापर्यंत आली होती. डोलीतून माणूस खाली दवाखान्यात जाताना मी पुष्कळदा बघितलाय. वर जाताना पहिल्यांदा बघितला. गडी आळीपाळीनं खांदा देत होते, आणि अण्णा आत बसून 'कॅमेरा नीट धरा रे' म्हणून सगळ्यांवर खेकसत होते. खाचरातल्या त्याच टेबलावर त्यांना उभं केलं. दोघांनी कमरेला धरलं. मी म्हटलं, मी जुळवते, तुम्ही नुसतं बघा. पण त्यांनी डावा हात पुढे केला आणि हेड फिरवायचा दांडा बरोब्बर मुठीत आला.

ते थांबले. दांड्याकडे बघत राहिले.

"हा कुणी बसवला इथं?"

मी म्हटलं, "दुकानातून तसाच आला असेल."

"दुकानातून उजवीकडे येतो," अण्णा म्हणाले. त्याच हातानं कॅमेरा वर केला, खाली केला, दांडा पिळून घट्ट केला. भिंगावरचं झाकण काढलं, मनात काही तरी मोजलं, परत लावलं, झाला फोटो. सगळी वाडी त्या मोजण्याएवढी गप्प. मला रडू आवरेना आणि काळं कापड होतं म्हणून निभावलं.

परत आल्यावर महिपतला मी त्याच्या उंबऱ्यातच गाठला. आधी त्यानं थापा मारल्या, मग कबूल झाला. तू दर खेपेला डेपोत येऊन त्याला विचारतोस म्हणे, अण्णा आज किती चालले, जेवले का. गाढवा! सहा महिने तुला सगळं ठाऊक आहे. त्यांनी तुला कळवू नको म्हणून मला शपथ घालायची आणि तू गुपचूप दांडा डावीकडे फिरवून पाठवायचा. एकाच मातीचे दोघं, आणि मधे भरडली जाते मी. डॉक्टर म्हणालेत, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. हेही महिपतनं सांगितलं असेल, तरी मी सांगते.

फोटो धुऊन झाला. अशी धार आजवर आपल्या स्टुडिओतून निघालेली नाही. रखमाबाईच्या बाजूच्या घोंगडीची वीणसुद्धा दिसते. अण्णा भिंग लावून सकाळभर बघत बसले होते.

काल म्हणाले, "पाडव्याला आपल्या घरचा फोटो काढू."

म्हटलं, "काढीन की मी."

"तू आमच्यात बस. काढायला त्याला बोलाव."

मला इतका आनंद झाला की उलट त्यांच्यावरच डाफरले. म्हटलं, "अहो, पाच वर्षांनी येणार तो, आणि फोटोत दिसायचाच नाही?"

अण्णा बराच वेळ शब्द जुळवत बसले. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मग एकेक शब्द करून म्हणाले, "काढणारा फोटोत नसतो गं. पण सगळे बघत असतात ते त्याच्याकडेच."

पाडवा येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या. तोवर आम्ही तिघं बसून आहोत.

ताई