शिळं पाणी

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

आज आठवड्यानं नळ आला. ताजं भरायचं म्हणून मी नेहमीसारखा जुना हंडा मोरीत उपडा करायला उचलला, तर आमच्याकडं धुणंभांडी करणाऱ्या गयाबाईंनी माझा हातच धरला.

"कामून वतता, ताई?"

"शिळं झालंय."

त्या हसल्या. "भाकर शिळी व्हते. पाणी कसं व्हईल? हिरीतलं कवाचं असतंय, त्याला म्हनता का शिळं?"

कालच मी नववीला भूगोल शिकवताना किती ऐटीत सांगितलं! बहुतेक पाणी समुद्रात, खारट. गोड्यातलं बरंचसं बर्फात. उरलेलं थोडंसं ढगातून नदीत, नदीतून जमिनीत, युगानुयुगं तेच फिरतंय. फळ्यावर बाणसुद्धा काढले. आणि घरी हंडा मोरीत? इतकी वर्षं?

गयाबाई शाळेत गेल्याच नाहीत. लहानपणी मेंढरांमागं पाचोडकडं फिरताना कोरड्या नदीत वाळू उकरायच्या, पाणी झिरपायची वाट बघायच्या, मग ओंजळीनं प्यायच्या. काय बाई आहे!

हंडा अजून भरलेला आहे. आत्ता त्यातलंच तांब्याभर प्यायले. चांगलं लागलं.

उद्या वर्गात पुढचे बाण काढायच्या आधी हे कबूल करायचं: मी पाणी फेकत होते.